खिशातील मोडेम

परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत आज रात्री बारा वाजता संपावयाची आहे. सायंकाळच्या वादळात वीज गेली ती अद्याप आलेली नाही, आणि विजेबरोबर भिंतीवरच्या इंटरनेटच्या पेटीतील दिवेही मालवले आहेत. लॅपटॉपच्या बॅटरीत दोन तासांचा जीव आहे, अर्ज निम्मा भरून झाला आहे. परंतु तो पाठवावा कोणत्या वाटेने? मी ग्वाल्हेरहून बोलत आहे, म्हणून उदाहरणेही इथलीच घेतो. भिंड, मुरैना, दतिया ह्या बाजूंनी शिकावयास आलेली कितीतरी मुले येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या खोलीत ती भिंतीवरची पेटी मुळातच नसते. त्यांचा सारा व्यवहार मोबाइलवर चालतो. दोघांनाही मार्ग एकच, आणि तो म्हणजे मोबाइललाच लॅपटॉपचा मोडेम करणे. हे काम आता बोटाच्या एका स्पर्शाने होते आणि म्हणूनच त्यात नेमके काय घडते ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ऐन वेळी काम अडते ते बहुधा ह्या अविचारामुळेच.

प्रथम शब्दाची ओळख करून घेऊ. मोडेम हे नाव मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर ह्या दोन शब्दांची डोकी एकत्र जोडून झाले आहे. संगणकाला दोनच खुणा ठाऊक : शून्य आणि एक. दूरध्वनीची तार घातलेली होती ती माणसाच्या आवाजासाठी. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० आवर्तनांच्या पट्ट्यातील ध्वनी तेवढे ती वाहून नेई. तिला अंक कळत नसत, सूर कळत. म्हणून अंकांचे सूर करावयाचे, ते तारेत सोडावयाचे, आणि पलीकडे त्या सुरांचे पुन्हा अंक करून घ्यावयाचे. ही दोन्ही कामे करणारा तो मोडेम.

ग्वाल्हेरच्या माणसाला हा प्रकार समजण्यास अडचण पडू नये. १९१८ साली येथे माधव संगीत महाविद्यालय निघाले, आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या स्वरलेखनपद्धतीने तेथे शिक्षण सुरू झाले. कानांनी ऐकलेली बंदिश कागदावर अक्षरांत उतरवावयाची, तो कागद दुसऱ्या गावी न्यावयाचा, आणि तेथील जाणत्याने त्या अक्षरांचे पुन्हा गाणे करावयाचे. भातखंड्यांनी स्वरांची अक्षरे केली. मोडेम अक्षरांचे स्वर करितो. दिशा उलटी आहे, तत्त्व तेच. वाटेत काही गळण्याची भीतीही दोहोंकडे सारखीच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली ती कागदावरून नव्हे, गळ्यातून नेली. कारण मींड आणि गमक कागदावर पुरती उतरत नाहीत. परंतु गवयाला चालते ते मोडेमला चालत नाही. एक अंक गळला तर अर्जातील जन्मतारीख बदलावयाची! म्हणून आजचा मोडेम प्रत्येक गठ्ठ्याबरोबर पडताळ्याचा एक आकडा पाठवितो, आणि पलीकडे हिशेब जुळला नाही तर तो गठ्ठा पुन्हा मागवून घेतला जातो.

अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९६२ मध्ये बेल १०३ नावाचा मोडेम बाजारात आणिला. हाक देणाऱ्या बाजूने शून्यासाठी १०७० आवर्तनांचा सूर सोडावयाचा आणि एकासाठी १२७० आवर्तनांचा, अशी त्याची रीत होती. १०७० ला षड्ज मानिले तर १२७० हा जवळजवळ कोमल गंधार येतो, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. दोन सुरांचे हे गाणे सेकंदाला ३०० अंक, म्हणजे सुमारे ३० अक्षरे वाहून नेई. पुढे १९८१ साली हेज नावाच्या कंपनीने, संगणकाने मोडेमला हुकूम कसा द्यावा ह्याची एक छोटीशी भाषाच केली. प्रत्येक हुकुमाच्या आरंभी ए आणि टी ही दोन अक्षरे. त्यांचा अर्थ 'अटेन्शन', म्हणजे आपले 'सावधान'. त्यापुढे डी म्हटले की क्रमांक फिरवावयाचा, एच म्हटले की दूरध्वनी खाली ठेवावयाचा. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला त्यातून जे शहर वाढले आणि ज्याला लष्कर हेच नाव राहिले, त्याला ही कवायतीची भाषा परकी वाटावयाची नाही. आजच्या मोबाइलच्या पोटात जो मोडेम असतो तोही हीच 'सावधान'ची भाषा जाणतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्याच्या पंधरा दिवस आधी, ३१ जुलैला, कलकत्त्याहून दिल्लीस मोबाइलवरचे पहिले संभाषण झाले होते. दोन नद्या एकाच पावसाळ्यात उगम पावाव्या तसे हे झाले; परंतु त्यांचा संगम व्हावयास काही वर्षे जावी लागली. तोवर मोडेम टेबलावर बसे, जोडताना किंचाळे, आणि तो चालू असेपर्यंत घरचा दूरध्वनी अडून राही. नातू इंटरनेटवर बसला की आजीला पुण्याहून येणारा फोन लागत नसे. घराघरांतील ते भांडण आता नामशेष झाले आहे. १९९९ मध्ये नवे दूरसंचार धोरण आले तेव्हा पंतप्रधानपदी ग्वाल्हेरात जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी होते. मोबाइल कंपन्यांनी सरकारला ठरावीक परवाना-शुल्क देण्याऐवजी उत्पन्नाचा वाटा द्यावा, असा बदल त्या धोरणाने केला, आणि मोबाइल सामान्यांच्या हाती येण्याची वाट त्यातून पुष्कळशी मोकळी झाली.

मोबाइल हाती आल्यावर त्याला लॅपटॉपशी जोडण्याची कल्पना सुचावयास वेळ लागला नाही. कधी तारेने, कधी ब्लूटूथने, तर कधी दोघांची इन्फ्रारेडची तांबडी-काळी खिडकी समोरासमोर ठेवून ही जोडणी करीत. मग लॅपटॉपवरून एक क्रमांक फिरवावा लागे. जीएसएमच्या मोबाइलला तारांकित नव्व्याण्णव हॅश, तर डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने जी सीडीएमए सेवा सुरू केली तिच्या मोबाइलला हॅश सात-सात-सात. ह्या क्रमांकाच्या पलीकडे कोणी माणूस बसलेला नसे. 'मला अंकांच्या वाटेवर घ्या' एवढीच ती खूण. त्या काळी मोबाइल हा लॅपटॉपचा खराखुरा मोडेम होता. लॅपटॉप हुकूम देई, मोबाइल तो पाळी, आणि इंटरनेटवरचा पत्ता मिळे तो लॅपटॉपला. मोबाइल हा निव्वळ भोई. पालखीत कोण बसले आहे हे पाहणे त्याचे काम नव्हते.

वेगाची कल्पना यावी म्हणून एक लहानसा हिशेब करू. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्र तीन मेगाबाइटचे धरू, म्हणजे सुमारे दोन कोटी चाळीस लक्ष अंक. जुन्या जीएसएमच्या सेकंदाला ९६०० अंकांच्या वेगाने ते पाठवावयास ४२ मिनिटे लागती. टेबलावरच्या ५६ हजारांच्या मोडेमने, तो आपल्या पूर्ण वेगाने चालला तर, सात मिनिटे. आजच्या चौथ्या पिढीच्या जाळ्यावर, सेकंदाला एक कोटी अंक मिळाले तर, अडीच सेकंद. हा ४२ मिनिटांचा हिशेब श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

२०१० नंतर चित्र पालटले. अँड्रॉइडच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत आणि पुढच्या वर्षी आयफोनमध्ये हॉटस्पॉटची सोय घरचीच झाली. क्रमांक फिरवणे गेले, हुकूम गेले. आपण अजूनही 'मोबाइलचा मोडेम केला' असे म्हणतो. परंतु आता मोबाइल भोई राहिलेला नाही, तो देवडीवरचा कारभारी झाला आहे. हा फरक नुसत्या शब्दांचा नव्हे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती चौकाला लोक महाराज बाडा म्हणतात. हा बाडा म्हणजे आपला वाडाच, इकडे येऊन त्याचा ब झाला. अशा एखाद्या जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत असे समजा. टपालखात्याला वाड्याचा पत्ता तेवढा ठाऊक आहे. आत जिन्याखाली कोण राहते आणि माडीवर कोण, हे त्याला माहीत नाही. देवडीवर एक कारभारी बसलेला आहे. कोणत्याही बिऱ्हाडाचे पत्र बाहेर जावयाचे झाले की तो त्यावरचा आतला पत्ता खोडून वाड्याचा पत्ता घालतो आणि वहीत नोंद करितो : अमुक क्रमांकाचे पत्र माडीवरच्यांचे. उत्तर आले की वही पाहून ते माडीवर पोहोचते करितो. हॉटस्पॉट चालू केलेला मोबाइल नेमके हेच करितो. तो लॅपटॉपला आतल्या आत एक पत्ता देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असतात ते ह्याच जातीचे. घरापुरते खरे, बाहेर त्यांना किंमत नाही. बाहेरच्या जगाला दिसतो तो मोबाइलचाच पत्ता. ह्या युक्तीची गरज पडली ह्याचे कारण असे की, जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात, आणि माणसांपाशी यंत्रे त्याहून अधिक झाली. मोबाइल कंपन्या स्वतःदेखील हजारो ग्राहकांना एकेका पत्त्याआड बसवितात. म्हणजे वाड्याबाहेर आणखी एक पेठ आणि तिच्या वेशीवर आणखी एक कारभारी. नव्या लांब पत्त्यांची पद्धत आता रुळत आहे, तरी जुनी अजून गेलेली नाही.

एवढे समजले म्हणजे व्यवहारातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. शेजारच्या मुलाने आपल्या हॉटस्पॉटवरून जे काही केले ते बाहेरून पाहणाऱ्याला आपल्याच पत्त्यावरून झालेले दिसते, आणि चौकशी आली तर ती ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्याकडे येते. म्हणून हॉटस्पॉटला परवलीचा शब्द असलाच पाहिजे, आणि तो आपला मोबाइल क्रमांक किंवा एक ते आठ हे आकडे असा नसावा. पाहुण्याला शब्द सांगितला असेल तर पाहुणा गेल्यावर तो बदलावा. आपल्याकडे ह्यात संकोच मानितात. पण घराची किल्ली दिली तर ती आपण परत मागतोच ना?

आता खर्चाचा प्रश्न. माझ्या मते येथेच लोक सर्वांत अधिक फसतात. मोबाइल हा गरिबीत वाढलेला आहे. आपण मोजक्या शिधेवर आहोत हे त्याला ठाऊक असते, म्हणून मोठाली कामे तो वायफाय मिळेपर्यंत राखून ठेवितो. लॅपटॉपचे तसे नाही. त्याला वायफाय दिसले की आपण श्रीमंताघरी आलो असे तो समजतो. हे वायफाय मोबाइलच्या खिशातून येत आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. लगेच तो आपल्या प्रणालीच्या सुधारणा उतरवून घेऊ लागतो, छायाचित्रांचे गठ्ठे दूरच्या साठ्यात पाठवू लागतो. आणि आपण अर्जातील आईचे नाव भरीत असताना दिवसाचा दीड-दोन जीबीचा शिधा पडद्याआड संपून जातो. चित्रासह चालणारी बैठक किंवा मुलाखतही, चित्र स्पष्ट ठेविल्यास, तासाला एक जीबीच्या आसपास खाते. उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' असा पर्याय असतो, मॅकमध्ये 'लो डेटा मोड'. तो एकदा लावून ठेविला की लॅपटॉपला आपली खरी परिस्थिती कळते आणि तो हात आखडतो. परदेशी असलेल्या आपल्या मंडळींनी आणखी एक पाहावे : अमेरिकेतील अनेक योजनांत मोबाइलवर मर्यादा नसली तरी हॉटस्पॉटसाठी ती निराळी असते.

आणि शिधा संपलाच तर? आपल्याकडील बऱ्याच योजनांत सेवा बंद पडत नाही. वेग सेकंदाला ६४ हजार अंकांवर येतो. म्हणजे टेबलावरच्या त्या किंचाळणाऱ्या मोडेमच्या काळात आपण परत जातो. येथे मघाचा हिशेब कामास येतो. तीन मेगाबाइटचे छायाचित्र ह्या वेगाने सहा मिनिटांहून अधिक घेईल, आणि तोवर पलीकडचे यंत्र बहुधा वाट पाहून दार लावून घेईल. परंतु तेच छायाचित्र ५० किलोबाइटचे करून घेतले तर काम सहा-सात सेकंदांचे. अर्जातील मजकूर तर त्याहूनही हलका. तेव्हा उघडे असलेले पान मिटू नये, पुनःपुन्हा नव्याने उघडू नये, कारण त्या पानाची सजावटच अर्जाच्या कित्येक पटींनी जड असते. छायाचित्र आणि सही आधीच लहान करून तयार ठेवावी. धीर धरणाऱ्याचा अर्ज ६४ हजारांच्या वेगानेही जातो. पैसे भरण्याची पायरी मात्र एकाच वाटेने पुरी करावी. निम्मी भिंतीवरच्या पेटीने आणि निम्मी मोबाइलने असे केल्यास मध्येच पत्ता बदलतो, आणि सावध असलेली काही संकेतस्थळे ते पाहून आपणांस बाहेर काढतात.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली तेव्हा एका मोबाइलवर सारे घर चालवण्याची वेळ कित्येक कुटुंबांवर आली. वडिलांचे कार्यालय, मुलीचा वर्ग, धाकट्याचा गृहपाठ, सारे त्या एका देवडीतून. त्या दिवसांत अनेकांना एक कोडे पडे : आत्याचा फोन आला की मुलीचा वर्ग का थांबतो? ज्या मोबाइलमध्ये किंवा योजनेत चौथ्या पिढीवरून संभाषणाची सोय चालू नसते, तो बोलण्यासाठी जुन्या जाळ्यावर उतरतो आणि अंकांची वाट तेवढा वेळ बंद पडते. सेटिंगमध्ये 'व्होल्टे' चालू असेल तर दोन्ही एकाच वेळी चालतात. महत्त्वाच्या मुलाखतीपूर्वी हे अवश्य पाहून घ्यावे, आणि त्या तासापुरते आत्यालाही कळवून ठेवावे.

मोबाइल ठेवावा कोठे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तसा तो नाही. लष्करातील जुन्या घरांच्या भिंती दगडी आणि हात-दीड हात जाड असतात. माजघरात बसले की मनोऱ्याची लहर क्षीण होते. अशा वेळी बहुतेक लोक लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही घेऊन गच्चीवर जातात. त्याची गरज नाही. येथे वाटा दोन आहेत : मनोऱ्यापासून मोबाइलपर्यंतची लांब आणि दुबळी, मोबाइलपासून लॅपटॉपपर्यंतची आखूड आणि बळकट. दुबळीला जपावे. मोबाइल खिडकीच्या कोनाड्यात ठेवून आपण आत बसावे. वायफाय ते अंतर सहज तोडते. हॉटस्पॉटला २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन पट्टे असतील तर भिंत मध्ये असताना पहिला निवडावा. दुसरा वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर थकतो. मात्र खिडकी उन्हाची नसावी. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि लू वाहू लागते. हॉटस्पॉट चालविणारा मोबाइल आधीच तापलेला असतो. वर ऊन लागले की तो प्रथम मंद होतो, मग बॅटरी भरून घेणे थांबवितो, आणि शेवटी स्वतःच बंद पडतो. जाड रबरी कवच घातले असेल तर तेही त्या वेळेपुरते काढावे.

वीज गेलेली असेल तेव्हा आणखी एक हिशेब असतो. वायफायने बॅटरी लवकर उतरते. ब्लूटूथने सावकाश, पण त्याचा वेग फार झाला तर सेकंदाला वीस-तीस लाख अंक, म्हणजे अर्जाला पुरेसा, मुलाखतीला अपुरा. यूएसबीच्या तारेने जोडल्यास वायफायचा प्रसारण-खर्च वाचतो, शेजाऱ्यांच्या लहरींचा अडथळा राहत नाही, आणि शब्द चोरीस जाण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र मोबाइल लॅपटॉपच्या बॅटरीतून आपले पोट भरू लागतो. कोणाच्या बॅटरीत किती शिल्लक आहे हे पाहून निवड करावी. मनोऱ्यांनाही स्वतःच्या बॅटऱ्या असतात, म्हणून वीज गेल्यावर ते काही काळ चालतात. परंतु त्याच घटकेस साऱ्या मोहल्ल्याचे लोक मोबाइलकडे वळतात, वाटेवर गर्दी होते आणि वेग उतरतो. तो रात्री अकरानंतर बहुधा पुन्हा सुधारतो.

ही सारी जोडणी वीज असताना एकदा सवडीने करून पाहावी. मोबाइलच्या 'हॉटस्पॉट आणि टेथरिंग' ह्या सदरात तिन्ही वाटा एकाखाली एक दिलेल्या असतात. तारेची वाट पारखताना तारही पारखून घ्यावी. यूएसबीच्या साध्या तारेत चार बारीक तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन अंकांच्या. बाजारातील काही स्वस्त तारांत अंकांच्या दोन घातलेल्याच नसतात. अशा तारेने मोबाइलची बॅटरी भरते, आणि लॅपटॉपला मात्र मोबाइल जोडल्याचे कळतदेखील नाही.